हँडेलची ‘आग्रिप्पिना’ प्रथमच ऐकताना

बरोक ऑपेराची, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय गेय नाट्याची, सुरुवात आपण ‘आग्रिप्पिना’पासून करणार आहात, ही निवड मला योग्य वाटते. संगीतकार हँडेलने विशीत रचलेली ही तीन अंकी ऑपेरा १७०९ च्या अखेरीस व्हेनिसमध्ये रंगमंचावर आली.

आधी कथानक वाचून घ्यावे. सम्राट क्लॉडियस समुद्रात बुडाल्याची वार्ता येताच राणी आग्रिप्पिना आपला मुलगा नीरो याला गादीवर बसवू पाहते. पण सम्राट बचावलेला असतो; त्याला वाचवणाऱ्या सेनापती ओटोला त्याने वारसपद कबूल केलेले असते आणि ओटोचे मन मात्र पोपिया या तरुणीत गुंतलेले असते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- गद्यासारखे भासणारे रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलण्याच्या लयीत गायलेले संवाद, ओलांडून केवळ आरिया, म्हणजे एकल गाणी, ऐकणे. सारी कारस्थाने रेसिटेटिव्हमध्येच शिजतात.
- आरियाचा पहिला भाग पुन्हा आला की कंटाळणे. त्या आवर्तनात गायक स्वतःची अलंकरणे घालतो, म्हणून तेच कान देऊन ऐकावे.
- नीरोच्या उंच स्वराने गोंधळणे. ही भूमिका कास्त्रातो गायकासाठी, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुष गायकासाठी, लिहिलेली होती. आज ती स्त्रिया किंवा काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीसारख्या उंच स्वरात गाणारे पुरुष, गातात.

तीनेक तासांची ही कृती एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. रोज एक अंक पुरे. वेळच नसेल, तर दुसऱ्या अंकातला तो प्रसंग तरी पाहावा, जिथे सम्राट ओटोला देशद्रोही ठरवतो, एकेक जण, अगदी पोपियाही, त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जातो आणि रिकाम्या रंगमंचावर तो एकटा ‘वोई के उदीते’ हा विलाप गाऊ लागतो.