आईंच्या विसरण्याबद्दल: रक्ताच्या नव्या तपासणीआधी काय करावं

आईंचं वय ६८, वर्षभरापासून तेच तेच विचारतात, आजींनाही ऐंशीनंतर डिमेन्शिया झाला होता. तर बातम्यांत येते ती अल्झायमरची रक्ततपासणी लगेच करावी का, आणि स्वतःची जनुक चाचणीही करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बाबांचा अल्झायमर मी नऊ वर्षं घरात पाहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

लगेच नको. आधी बी-१२ आणि थायरॉईड बघा. आई शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असतील, तर बी-१२ नक्कीच. झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य यांनीही माणूस असाच हरवल्यासारखा वागतो. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं, म्हणून ते आधी.

मग न्यूरॉलॉजिस्ट. आमच्याकडे पहिल्या डॉक्टरांनी 'वयाप्रमाणे होतं' म्हणून परत पाठवलं आणि दीड वर्ष गेलं. दुसऱ्यांनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. गोल सुबक, आकडे जागच्या जागी. पण एक काटा अकरावर आणि दुसरा थेट दहावर! 'दहा मिनिटं' म्हणजे दोनचा आकडा, हे त्यांना जुळवताच येईना. साधी विसरभोळी माणसं इथे सहसा अडत नाहीत.

आता ती रक्ततपासणी. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्ण बाईच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. थर अमायलॉइड या प्रथिनाचे, गुंता टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा. जिवंत माणसात हे शोधायला पुढे पेट स्कॅन किंवा पाठीतलं पाणी काढणं, एवढेच मार्ग होते. हा बिघाड सुरू झाला की टाऊचा पी-टाऊ२१७ हा प्रकार रक्तात वाढतो, तोच आता मोजतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि तपासण्यांना मान्यता देणारी सरकारी संस्था) अशा पहिल्या तपासणीला मान्यता दिली, पण ५५ च्या पुढच्या, लक्षणं दिसणाऱ्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालच्या रुग्णांसाठीच. मूत्रपिंडाचा जुना आजार असला तरी हा आकडा वाढतो. शिवाय अमायलॉइड साचूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेले कितीतरी वृद्ध आहेत. म्हणून नुसता रिपोर्ट हातात घेऊन घाबरू नका.

तुमच्या स्वतःच्या जनुक चाचणीचं म्हणाल, तर मी थांबेन. कोलंबियातल्या अँतियोकिया भागात काही घराण्यांत एका जनुकदोषामुळे चाळिशीतच हा आजार येतो; तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या स्पष्ट दिसतो. आजींचं तसं नव्हतं. एपीओई४ हा अल्झायमरशी जोडलेला जनुकाचा प्रकार निघाला तरी धोका वाढतो इतकंच, आजार होईलच असं नाही.

एक मात्र याच आठवड्यात करा: आईंचे कान तपासा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत कमी ऐकू येणं धरलंय. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि आम्ही त्यांच्यावर चिडायचो. त्याचं आजही वाईट वाटतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आणि आई काय, कधी विसरल्या ते तारखेसकट वहीत लिहून न्या. आईंसमोर वाचून दाखवू नका, डॉक्टरांच्या हातात द्या.