पेपाकुराच्या फाइलवरून साय-फाय कॉम्बॅट मेडिकचं आर्मर बनवायचंय, फायबरग्लास करू की फोम, आणि सुरुवात कुठून करू?

तू लिहिलंयस की सेकंड इयरला आहेस, पेपाकुराची (कागद कापून-चिकटवून मॉडेल करायची) फाइल डाउनलोड झालीय, हेल्मेट सगळ्यात भारी दिसतं म्हणून तिथूनच सुरू करायचंय, बजेट पाच हजार आणि घर वन बीएचके. (सेकंड इयर म्हणजे माझ्या धाकट्या भावाएवढा, म्हणून सरळ अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.) मी पण डोंबिवलीच्या वन बीएचकेतच, आईची बोलणी खात, कॉस्प्लेचे म्हणजे कॉमिक कॉनला पात्रासारखं सजून जायचे दोन सूट बनवलेत. पहिला पार फसला आणि दुसरा मेडिकचा (लढाईत जखमींवर उपचार करणारा सैनिक), तो अजून घालते.

उत्तर आधीच देऊन टाकते. फोम (चपलेच्या तळाला असतो तसला) कर, कागद फक्त मापासाठी वापर आणि हेल्मेट सगळ्यात शेवटी.

फायबरग्लास का नको ते आधी. पेपाकुरा म्हणजे जपानी लोकांनी पेपरक्राफ्टचं केलेलं छोटं नाव, थ्रीडी मॉडेल उलगडून सपाट कागदावर आणायचं, कापायचं, घड्या घालायच्या, चिकटवायचं. जुनी पद्धत, तीच फायबरग्लासची, अशी की जाड कागदाचं मॉडेल तयार झालं की बाहेरून रेझिन (हार्डनर मिसळला की कडक होणारं पातळ प्लास्टिक), आतून रेझिन आणि ग्लास मॅट म्हणजे काचतंतूंचं कापड, मग वरून गॅरेजवाले गाडीला भरतात ती लांबी म्हणजे पुट्टी, आणि मग पॉलिश पेपर, घासत बसा. मी पहिलं हेल्मेट असंच केलं, तेही जुलैमध्ये. अठरा पानं कापून चिकटवून हॉलमध्ये ठेवलं, चार दिवसांत कागद असा सादळला की कपाळाचा भाग आत बसला, त्यावर मी तसंच रेझिन लावलं, हार्डनर बहुतेक कमी पडला असावा, आठवडाभर हाताला चिकटत होतं. वास तर विचारूच नकोस, शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या गॅस लीक आहे का बघायला. आणि तो नुसता वास नसतो, पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं वाफ होणारं घातक रसायन असतं, आपला कोविडवाला एन९५ ते अडवत नाही, त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो आणि मोकळी जागा. मोठी गच्ची किंवा गावाला अंगण असेल तर कर, वन बीएचकेत नको.

आता खरा मुद्दा, माप. नव्वद टक्के लोकांचं इथेच फसतं, कापण्यात नाही.

फाइल बनवणाऱ्याने ती बहुतेक वेळा सहा फुटी माणसाला धरून बनवलेली असते. मी १५७ सेंटीमीटर. १५७ भागिले १८३ केलं तर ८६ टक्के येतात, मग मी हुशारी करून अख्खा सूट ८६ टक्क्यांवर प्रिंट केला. उंचीला सगळं बरोबर बसलं पण हात काही आत जाईना, कारण माणूस बुटका असला म्हणून त्याचा दंड त्याच हिशोबाने बारीक नसतो ना. म्हणून प्रत्येक भाग वेगळा मापायचा. आत जे कपडे घालणारेस ते घालून, टेपने, जिथे सगळ्यात जाड आहे तिथे घेर आणि सांध्यापासून सांध्यापर्यंत लांबी. पेपाकुराच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची मापं मिलिमीटरमध्ये दिसतात, तिथे त्या भागापुरती बदलायची.

आणि त्यात फोमची जाडी धरायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताचा कोपराखालचा घेर बाहीसकट २७ सेंटीमीटर, हवा खेळायला ३ जास्त, म्हणून मी ३० वर काढलं. पण कडा तिरक्या कापून जोडल्या की कागदाचं माप बाहेरच्या बाजूला जातं, ६ मिलिमीटरचा फोम दोन्हीकडून जागा खातो, व्यासात १२ मिलिमीटर आणि घेरात जवळजवळ पावणेचार सेंटीमीटर गेले. आत राहिले सव्वीस आणि थोडं. हात २७. ३४ ला काढायला हवं होतं. १० मिलिमीटरचा फोम असेल तर सव्वासहा सेंटीमीटर धर.

प्रिंटची पण एक गंमत आहे. बऱ्याच फाइल्स अमेरिकन लेटर साइजच्या कागदावर मांडलेल्या असतात, तो २१६ मिलिमीटर रुंद, आपला ए४ २१०. झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह दिला की तो सवयीने ‘फिट टू पेज’ ठेवतो आणि सगळं गुपचूप तीन टक्के बारीक होतं. तीन टक्के म्हणजे काही नाही वाटतं, पण ५७ सेंटीमीटरच्या डोक्याला ते पावणेदोन सेंटीमीटर होतात, म्हणजे हेल्मेट कानापाशी अडकणार. मी आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १० सेंटीमीटरची रेघ टाकते आणि दुकानातच पट्टी लावून बघते, तो माणूस वैतागतो, वैतागू दे. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ म्हणायचं आणि पहिलं एकच पान काढायचं.

पहिली ट्रायल साध्या ८० जीएसएम वजनाच्या झेरॉक्सच्या कागदावर काढ. बसलं की मग २०० जीएसएमची कार्डशीट. घडीची रेघ दुमडण्याआधी तिच्यावरून संपलेलं बॉलपेन स्टीलच्या पट्टीला लावून दाबून फिरव, कागद न फाटता नेमका तिथेच मोडतो. टेम्प्लेटवर म्हणजे प्रिंट काढलेल्या पानांवर दोन प्रकारच्या तुटक रेघा असतात, एक डोंगर घडी म्हणजे मोड बाहेर आणि एक दरी घडी म्हणजे मोड आत, कुठली कुठली ते फाइलनुसार बदलतं, ते आधी बघून घे, नाहीतर गाल आत गेलेलं हेल्मेट तयार होतं. कडांवर आकडे असतात, १७ ला १७ जोडायचा. लहानपणी आकाशकंदील केला असशील तर हात आपोआप चालेल.

आता फोमवर नेणं. कागदाच्या टेम्प्लेटला चिकटवायला ज्या पाकळ्या असतात त्या कापून टाक, फोमला त्या नको असतात, कडेला कडच भिडते. कागदात वळण दाखवायला दहा छोट्या पट्ट्या केलेल्या असतात, त्यातल्या ज्यांच्यामधला कोन अगदी थोडा आहे त्या सलग एकच तुकडा म्हणून काप आणि वळण हीट गनने आण. जिथे खरंच धार हवी तिथे मागून अर्ध्या जाडीपर्यंत व्ही आकाराची खाच. जोडाच्या दोन्ही बाजूंना दर तीन सेंटीमीटरवर आडव्या खुणा कर, जोडताना तुकडा सरकला तर लगेच कळतं. प्रत्येक तुकड्यावर डावा की उजवा आणि वरची बाजू कुठली ते लिही, आणि टेम्प्लेट उलटं ठेवून दुसरा खांदा काप. मी दोन उजवे खांदे कापलेत. रात्री दीड वाजता कळलं.

कटरचं पातं सारखं मोडत राहा, कंजूषपणा इथे नको, बोथट पात्याने फोम कुरतडला जातो. एकाच दमात दाबून कापायचं नाही, पहिला हात हलका, दुसऱ्यात आरपार.

ईव्हीए फोम म्हणून मागायचा, जाडी ६ आणि १०, आणि बोटाने दाबून बघायचं, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. ऑनलाइन मिळतो, पण चपला-बूट बनवणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात विचारलंस तर शीट हातात घेऊन बघता येते, मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीच्या बाजूला तो सगळा धंदाच आहे. चिकटवायला सुतार सनमायकाला लावतात तो फेव्हिकॉलचा एसआर. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर चिकटलं नाही पाहिजे, मग जोडायचं. एकदा भिडलं की सरकत नाही, म्हणून एका टोकापासून खुणा जुळवत जुळवत ये. खिडक्या उघड्या, गॅस बंद, हे सांगायला नको पण सांगते.

हीट गन लागतेच, हेअर ड्रायरने काही होत नाही. तापला की फोमचा वरचा पापुद्रा चकाकतो, म्हणजे छिद्रं बंद झाली, रंग पीत नाही. गरम असताना गुडघ्यावर धरून वळवायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. माझ्या छातीच्या प्लेटचा बाक आमच्या पाणी तापवायच्या पातेल्यावर आलाय. रंगाचं फार सांगत नाही, पातळ केलेल्या साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, प्रत्येक वाळू द्यायचा, मग अ‍ॅक्रिलिक. कडांना जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी घासलं की रंग उडालेला पत्रा वाटतो.

मेडिकच का, हे तू विचारलं नाहीस पण मला विचारतात सगळे. सोल्जर प्रत्येकजण करतो, आणि मेडिकमध्ये निम्मं काम आर्मरवर नाही तर पाऊचवर दिसतं. खऱ्या लष्करी मेडिकचं सामान बघ, टूर्निके म्हणजे रक्त थांबवायला दंडाला-मांडीला आवळायचा पट्टा, तो अशा जागी लावलेला असतो की कुठल्याही एका हाताने ओढून काढता यावा. त्याचं कारण साधं आहे, दुसरा हात जखमी असू शकतो. मी तो छातीवर मधोमध लावला आणि एकदम सूट खरा वाटायला लागला. कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, गॉझ, हातमोजे, हे सगळं मेडिकलमध्ये मिळतं. पाऊच मी बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घेतले, क्लिप बकल आणि नायलॉनचा पट्टा पण त्याच्याचकडचा.

आणि लाल क्रॉस लावू नकोस. खरंच. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे डॉक्टरचं चिन्ह नाही, जिनिव्हा करारांनी राखलेलं चिन्ह आहे, युद्धात ‘यांच्यावर गोळी झाडू नका’ एवढाच त्याचा अर्थ, आणि ते जिथेतिथे दिसलं तर तो अर्थ पातळ होतो. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट आहे, त्यात परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. डॉक्टरांच्या गाड्यांवर सर्रास दिसतं म्हणून चालतं असं नाही. गेमवाले पण सुटत नाहीत, २०१७ मध्ये ब्रिटिश रेड क्रॉसने एका ब्रिटिश गेम कंपनीला कळवलं होतं, तुमच्या गेममधल्या अँब्युलन्सवरचा क्रॉस बदला, आणि तो होता जेमतेम काही पिक्सेलचा. मी हिरव्यावर पांढरा क्रॉस घेतला, फर्स्ट एडच्या पाट्यांवर असतो तो. करड्या आर्मरवर तो लाल क्रॉसपेक्षा छानच दिसतो असं माझं मत. फक्त खांद्यावर एक आणि पाऊचवर एक, सगळीकडे लावलं की मेडिकल स्टोअर दिसतं.

घालायचं आधी ठरव, बनवायचं नंतर. छाती आणि पाठ खांद्यावर पट्ट्याने, बाजूला बकल. मांडीची प्लेट कमरेच्या पट्ट्याला टांगायची, नुसतं इलॅस्टिक लावलं तर चालता चालता गुडघ्यावर येते. बसता येतं का, जिना चढता येतो का, बाथरूमला जाता येतं का, हे घरी करून बघ. हेल्मेटमध्ये छोटा ५ व्होल्टचा पंखा बसव, पॉवर बँकवर चालतो, आणि काचेला आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब कोरड्या फडक्याने पुसून घे, वाफ कमी धरते. तरी खाली पायाशी काही दिसत नाहीच, म्हणून गर्दीत सोबत एक मित्र ने. माझा भाऊ येतो, त्याच्या वडापावचा खर्च बजेटमध्ये धर.

पाऊचमध्ये मी खरंच बँड-एड आणि ओआरएसची पाकिटं ठेवते. कॉमिक कॉनमध्ये नवे बूट चावलेली निदान चार-पाच जणं सापडतात, एकीने मला ‘मेडिक ताई’ म्हणून हाक मारली होती आणि मी हेल्मेट घालून गुडघ्यावर बसायला गेले तर पोटरीचा जोड उसवला. तो एसआर मी घाईत ओला असतानाच जोडलेला होता.

पाच हजारात होईल का? माझे साडेसहा गेले, त्यात हीट गन आली. ती कोणाकडून उसनी मिळाली आणि हेल्मेट पुढच्या वर्षीवर टाकलंस तर होईल. हेल्मेट शेवटी म्हणते कारण त्यात सगळ्यात जास्त बारीक तुकडे, सगळ्यात कमी माफी, आणि तोपर्यंत तुझा हात बसलेला असेल. शिवाय त्याची फोमसाठी वेगळी केलेली, कमी तुकड्यांची फाइल मिळते का बघ, कागदाची फाइल हेल्मेटला फोममध्ये जीव काढते.

या रविवारी फक्त डाव्या हाताचा कोपराखालचा भाग काढ, साध्या कागदावर, सेलोटेपने जोड. आणि घालून बघताना घेर बघशीलच, पण आधी मनगटाच्या बारीक तोंडातून पंजा बाहेर येतो का ते बघ, कारण बहुतेक येणार नाही. मग आतल्या बाजूने उभा चिरून तिथे वेल्क्रो लावायचा, आणि ती चीर टेम्प्लेटवर आत्ताच आखून ठेवायची.