ताई, टूरला जा, पण सोशल सिक्युरिटीला आत्ता हात लावू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहता, वय 63, गेल्या वर्षी नोकरी सोडली, मिस्टरांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून एकटीनेच डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या वाळवंटातल्या दोन नॅशनल पार्कांची आठ दिवसांची, 12 जणांची गाइडेड टूर करायचीय, आणि खर्चासाठी सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेतलं सरकारी पेन्शन, आत्ताच चालू करू का असं विचारलंय. जाच तुम्ही, मनापासून सांगते. पण त्यासाठी सोशल सिक्युरिटी नको.

तुमच्या स्टेटमेंटवर 67 व्या वर्षी, म्हणजे पूर्ण पेन्शनच्या वयाला, महिना 1,600 डॉलर दिसतायत. 63 ला चालू केलं तर त्याचे 75 टक्केच, म्हणजे 1,200, आणि 67 पूर्ण झाल्यावर ते आपोआप 1,600 होत नाहीत, हे बऱ्याच जणांना पहिला चेक हातात पडेपर्यंत कळत नाही, महागाईची वाढ मिळते पण ती पण त्या कमी आकड्यावरच. चार वर्षं आधी घेतलं तर 57,600 लवकर हातात येतात हे खरंय, पण पुढे दर महिन्याला 400 कमी, म्हणजे साधारण 79 व्या वर्षी हिशोब बरोबरीत येतो आणि त्यानंतरचा प्रत्येक महिना तोट्याचा. तुमच्या आई साताऱ्यात 91 व्या वर्षी स्वतःचं सगळं स्वतः करतात असं तुम्हीच लिहिलंय ना, मग 79 च्या पुढचा विचार तुम्ही करायलाच हवा.

आयआरएतून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून, पैसे काढले तर तुमच्या वयात दंड नाही, पण ती रक्कम इन्कममध्ये धरली जाते, आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) लागेपर्यंत तुमचा हेल्थ इन्शुरन्स कव्हर्ड कॅलिफोर्नियाचा, म्हणजे राज्याच्या विमा बाजारातून घेतलेला आहे, त्याची सबसिडी इन्कमवरच ठरते. टॅक्स भरताना सबसिडीतला काही भाग परत द्यायची वेळ येऊ शकते. (सोशल सिक्युरिटीचे पैसेही त्या इन्कममध्ये मोजले जातात.)

मग राहिलं सेव्हिंग. टूर 4,600, एकटीला रूम हवी म्हणून वरचे 900, वेगासचं विमान, टीप, वरखर्च असे 6,300 धरा. बँकेत 38,000 आहेत, घरखर्च 4,200, म्हणजे आज नऊ महिन्यांची सोय आहे ती साडेसात महिन्यांवर येईल. मला हे चालेल, फक्त तेवढी भर परत घालेपर्यंत दुसरा मोठा खर्च काढू नका.

मिस्टर म्हणतात तेवढ्या पैशात गाडी घेऊन दोनदा जाऊन येऊ. दोघं असता तर मीही तेच म्हटलं असतं, पार्कची फी एका गाडीला सात दिवसांचे 30 डॉलर, आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर 62 नंतर 80 डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, त्यामुळे ब्रोशरमधल्या ‘एंट्री फी समाविष्ट’ या ओळीला काही किंमत देऊ नका. पण डेथ व्हॅली 34 लाख एकरांची आहे, कितीतरी भागात फोनला रेंज नाही, आणि तिथे टायर पंक्चर होऊन एकटं थांबणं म्हणजे खरोखर जिवाशी खेळ. तुम्ही पैसे देताय ते व्हॅन चालवणाऱ्या आणि सोबत पाणी बाळगणाऱ्या माणसाचे, आणि ते योग्य आहेत. रूम शेअर करायला कोणी बाई जोडून देतात का ते विचारा, पण सात रात्री अनोळखी माणसाबरोबर झोप लागणार नसेल तर द्या ते 900.

जूनच्या तारखेला 700 कमी लावलेत, ते मात्र सोडून द्या. 10 जुलै 1913 ला डेथ व्हॅलीत 56.7 अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय, आणि उन्हाळ्यात खालच्या भागात सकाळी 10 नंतर चालू नका असं पार्कवालेच सांगतात. बॅडवॉटर बेसिन, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली, ते मीठ पायाखाली कुरकुरतं, तिथे चालायलाच तर जायचंय, व्हॅनच्या एसीत बसून बघायला नाही.

डिपॉझिट भरायच्या आधी कमीत कमी किती लोक झाले तर टूर निघते ते लेखी घ्या, आणि नक्की निघणार असं कळेपर्यंत विमानाचं नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स डिपॉझिटनंतर लगेच, दोन आठवड्यांच्या आत घ्या, उशीर केला तर आधीपासूनच्या आजारांचं कव्हर बहुतेक वेळा हातचं जातं.

तारीख निवडताना कॅलेंडरात अमावास्या बघा, दोन्ही पार्कमधलं रात्रीचं आकाश फार अंधारं असतं. दिवाळीच्या अमावास्येला तुम्ही घर सोडणार नाही, मग त्याच्या पुढची, कार्तिकातली, तिच्या आसपासची टूर आहे का विचारा.