दीड लाख घालून तिघांना ट्रेनिंगला पाठवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आठ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन), दोन सीएनसी लेथ, दाबाची हवा पुरवणारा एक स्क्रू कॉम्प्रेसर. मेंटेनन्सला तीन पोरं. पुण्याच्या एका संस्थेनं पाच दिवसांच्या मेंटेनन्स ट्रेनिंगचे माणशी 35,000 सांगितलेत आणि वडील म्हणतात, शिकवलं की पळतात. माझं मत आधीच सांगतो. तिघांना पाठवू नका. एकाला पाठवा, आणि तेही खालचा हिशेब स्वतः करून बघितल्यावर.

फी झाली 1,05,000. वरचा 18 टक्के जीएसटी क्रेडिटमध्ये सुटेल, तो सोडून द्या. जाणं-येणं आणि राहणं धरा 30,000. शिवाय तिघांचा पाच दिवसांचा पगार, आणि त्या आठवड्यात काही अडलं तर बाहेरून बोलवायचा माणूस. दीड लाख सहज होतात.

आता वसुली. बंद पडलेले सगळे तास गुणिले मशीनचा दर, असा गुणाकार करून संस्थेचा माणूस तुम्हाला मोठा आकडा दाखवेल. त्याला भुलू नका. एक व्हीएमसी बसली आणि काम शेजारच्या मोकळ्या मशीनवर चढवलं, तर नुकसान सेटिंगच्या वेळेपुरतं. खरा तोटा ज्या मशीनपुढं जॉबची थप्पी लागलेली असते तिथंच होतो. तुमच्याकडं अशी दोन मशीन असावीत. त्यांचं ब्रेकडाऊन रजिस्टर काढा आणि कारणं वेगळी करा. कंट्रोलचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं, मोटरचा ड्राइव्ह गेला, लाइट गेली, हे ट्रेनिंगनं थांबत नाही. ल्युब्रिकेशनची लाइन तुंबली, चिप्स अडकून कव्हर फाटलं, टर्मिनल सैल झालं, चुकीचं ग्रीस भरलं, हे थांबतं. समजा दोन्हींचे मिळून वर्षाला 240 तास, त्यातले 90 असे थांबवण्यासारखे. निम्मे थांबले तरी खूप झालं: 45 तास. टूल आणि वीज वजा जाता तासाला 400 सुटत असतील तर 18,000. सर्व्हिस इंजिनिअरच्या वाचलेल्या व्हिजिटा अजून 30,000 धरू. एकूण 48,000. यात एका माणसाचा खर्च जेमतेम निघतो, तिघांचा नाही. आकडे मी धरलेत, तुमचे घालून बघा. रजिस्टरच नसेल तर आधी तीन महिने ते लिहा, ट्रेनिंग पळून जात नाही.

कॉम्प्रेसरकडं मात्र आजच बघा. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक म्हणजे साडेतीन ते चार किलोवॅट वाया. वर्षाला 6,000 तास लाइन चालू असेल तर 21,000 युनिटच्या वर जातात. आठ रुपये युनिट धरा आणि स्वतःच गुणाकार करा. हे सगळे पैसे काही वाचणार नाहीत, कारण फिक्स्ड स्पीडचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडला गेला, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत राहिला, तरी फुल लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातच राहतो. तरीसुद्धा साप्ताहिक सुट्टीला शॉप बंद असताना लाइन भरून फिरायचं आणि फिटिंगला साबणाचं पाणी लावायचं, हे शिकवायला पुण्याची संस्था लागत नाही.

कोर्स निवडताना विषयांची यादी मागा. व्हायब्रेशन ॲनालिसिस, म्हणजे मशीनची थरथर मोजून बिघाड ओळखणं, ऐकायला भारी वाटतं, पण ते साखर कारखान्याला ठीक आहे. तिथं टर्बाइन आहे, बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन आहे, आणि गळीत हंगामात काही बसलं तर उसाच्या गाड्या गेटवर उभ्या राहतात. (कारखान्याच्या फिटरचा हात तयार असतो तो यामुळंच. हंगाम संपला की महिनोन्‌महिने मिल उघडून बसलेला असतो.) तुमच्या माणसाला बेअरिंग बसवणं, ग्रीसचा प्रकार आणि माप, डायल गेज लावून अलाइनमेंट, हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक सर्किट वाचणं, एवढं आलं तरी बास. बॉल बेअरिंगवरचा लोड दुप्पट झाला की हिशेबातलं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. बेल्ट करकचून ताणणाऱ्याला हे एकदा कळलं की हात आपोआप सैल होतो.

संस्थेला विचारा, ट्रेनर दोन दिवस तुमच्या शॉपमध्ये येईल का. तुमच्याच मशीनवर तिघंही शिकतील आणि ऑपरेटरही बघतील. बऱ्याचदा हे स्वस्त पडतं.

पळून जाण्याचं म्हणाल तर शिरवळ-चाकणचा पगार बघून जाणारा न शिकवताही जातो. बाँड लिहून घेण्याच्या फंदात पडू नका. शिकून आलेल्यानं बाकी दोघांना दाखवायचं आणि जे दाखवलं ते मशीनजवळच्या वहीत लिहायचं, ही अट घाला, आणि त्याच महिन्यात त्याचे हजार-दीड हजार वाढवा. आयटीआयची दोन पोरं अप्रेंटिस म्हणून घ्या. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये महिना, हिस्सा केंद्र सरकार उचलतं.

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट वडिलांशी बोलून ठरवा. शिकून आलेल्यानं "स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) गरम होतोय, दोन तास मशीन द्या" म्हटलं, तर डिस्पॅच असतानाही ते द्यायची तयारी आहे का? नसेल तर एकाचे 35,000 पण वाचवा. असेल तर मार्च एंडची घाई संपू द्या, एप्रिलमधली बॅच बघा.