लेकरू देव मानत नाही म्हणतंय

‘सर, लेकरू देव मानत नाही म्हणतंय. काय करावं?’ लातूर, धाराशिव, जालना भागातल्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो.

औशाकडच्या एका आईनं इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला आणलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पोरगा तयारीनं आला होता. ‘देव सर्वशक्तिमान आणि चांगला असेल, तर दुष्टाई का? एकतर त्याला थांबवता येत नाही, नाहीतर थांबवायचीच नाही.’

युक्तिवाद जुनाच. 1955 मध्ये जे. एल. मॅकी या निरीश्वरवादी तत्त्वज्ञांनी तो काटेकोर मांडला. प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञांचं उत्तर असं, की माणसाला निवडीचं खरं स्वातंत्र्य द्यायचं, तर तो वाईट निवडणारच नाही याची हमी देवालाही देता येत नाही. मला हे उत्तर भक्कम वाटतं. त्याला तसं सांगितलं.

‘मग किल्लारी? भूकंपानं काय निवडलं?’

तेव्हा आई बोलली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या भिंतीखाली तिचा धाकटा भाऊ गेला होता. ते मुलाला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

‘दोन वर्षं मी प्रार्थना केली नाही. आईला कळू नये म्हणून नुसते ओठ हलवायचे.’

‘मम्मी, तू?’ मुलगा खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकला. मी मध्ये पडलो नाही. आधी ऐकावं या मताचा मी आहे, आणि त्या दिवशी गप्प राहणंच योग्य होतं. दोघं तासभर बोलले. ती पुन्हा प्रार्थनेकडे कशी वळली, हे त्यानं स्वतःहून विचारलं.

नंतर मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढलं. ईयोब म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेला माणूस. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होतं. मग ते देवाची वकिली करू लागले. शेवटी देव रागावला तो त्या वकिलांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. पालकांनो, मुलाला लगेच पाळकांपुढे उभं करू नका. ‘असं बोलू नये, पाप लागतं’ हे तर मुळीच नको. वधस्तंभावर प्रभूनंच विचारलं होतं, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मुलाचा प्रश्न पूर्ण ऐका, तुमचाही त्याला सांगा. प्लँटिंगा त्यानंतर.

तो मुलगा अजून उपासनेला जात नाही. सुट्टीत घरी आला की आईशी ईयोबावरून वाद घालतो, आणि आईही आता माघार घेत नाही.