डाव्या लेनमधला ट्रक मधे येतोच कशाला?

प्रश्न : दर शनिवारी पनवेलहून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेने तळेगावला सासरी जातो, कार मीच चालवतो. बोरघाट लागला की तिन्ही लेनमध्ये ट्रक. जड वाहनांनी डावीकडून चालावं असे बोर्ड आहेत, कॅमेऱ्यातून चलान येतं, तरी यांना फरक का पडत नाही? आणि समजा सगळे ट्रक खरंच डावीकडे गेले तर अपघात कमी होतील, की आम्हा कारवाल्यांना नुसता रस्ता मोकळा मिळेल?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, तो जास्त चांगलाय. कमी होऊ शकतात, आणि त्याचं मोठं कारण ट्रकच्या केबिनमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या आरशात त्याला बरंच काही दिसतं, पण डाव्या दाराला खेटून चाललेली छोटी कार त्याला दिसतच नाही. ट्रक उजव्या किंवा मधल्या लेनला अडून बसला की आपण काय करतो, डावीकडून काढतो, म्हणजे नेमकं त्याला दिसत नाही तिथे जातो आणि त्याच वेळी तो डावीकडे यायला लागला तर संपलंच. ट्रक डाव्या लेनमध्ये असेल तर त्याला ओलांडणारा प्रत्येक जण त्याच्या दिसत्या बाजूने जातो.

दुसरं कारण वेगातला फरक. तुम्ही 60 ने घाट चढताय आणि वळण संपताच 100 मीटरवर लोड भरलेला ट्रेलर 25 ने चढतोय. फरक 35 चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 10 मीटर, म्हणजे 10 सेकंदांत तुम्ही त्याच्या बंपरला. त्यातले 3 सेकंद मोबाईलकडे बघण्यात गेले तर उरले 7. हा ट्रेलर कुठल्या लेनमध्ये भेटणार हे आधीपासून माहीत असणं हाच या नियमाचा खरा फायदा.

आता तो मधे का येतो ते. खालापूरच्या बाजूला एका टपरीवर एका ड्रायव्हर काकांना हेच विचारलं होतं, ते म्हणाले, "साहेब, पुढचा माझ्यापेक्षा हळू असला तर मी काय करू? सेकंड गियरला टाकलेली गाडी चढावर थांबवली की परत उचलत नाही." हिशेब करून बघा. पुढचा 25 ने, हा 30 ने. दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर धरून 60 मीटर तरी जास्त कापावे लागतात, त्याला साधारण 43 सेकंद जातात आणि तेवढ्यात तो मधल्या लेनमध्ये 360 मीटर चाललेला असतो. मागे आपण हॉर्न वाजवत बसलेलो! घाटातली गोष्ट मी समजून घेतो. पण सपाटीवर तिन्ही लेन रिकाम्या असताना उजव्या लेनला चिकटून चालणाऱ्याला चलान झालंच पाहिजे, तिथे कसलीच अडचण नसते, नुसती सवय असते.

आणि सगळे डावीकडे गेले की नवीनच दुखणं सुरू होतं, हे कोणी सांगत नाही. लोणावळ्याला उतरायचं तर डावीकडेच, आणि तिथे ट्रकची सलग भिंत उभी असते. त्या भिंतीत फट शोधत कार शेवटच्या क्षणी आडवी घुसते आणि लोडेड गाडी अशी जागच्या जागी थांबत नाही. म्हणून 2 किलोमीटर आधीच वेग कमी करून एखाद्या ट्रकच्या मागे लागा, पुढे कधीच घुसू नका. डांबरी हायवेवर तर आणखी एक भानगड, सगळा लोड एकाच लेनवरून गेला की अक्षरशः चाकोऱ्या पडतात, त्यात पावसाळ्यात पाणी साचतं आणि छोटी गाडी तरंगते. एक्सप्रेसवे काँक्रीटचा म्हणून तिथे हे एवढं जाणवत नाही.

अमेरिकेत ह्यूस्टनजवळ आय-10 हायवेवर 2000 साली ट्रकना आतल्या, म्हणजे दुभाजकालगतच्या लेनची बंदी करून बघितली होती, अपघात घटले. पण तेव्हा तिथे पोलिसांची गस्तही चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय बोर्डाला द्यायला मी तरी तयार नाही.

प्रश्न : पप्पा ट्रक चालवतात. डाव्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी होती म्हणून मधे आले, तर चलान आलं. ते भरायचंच का? आणि उताराला ते न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणतात.
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : चलानाबद्दल वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करता येते. बंद गाडीचा फोटो किंवा डॅशकॅमचं (गाडीत पुढे लावलेल्या कॅमेऱ्याचं) फुटेज असेल तर लगेच जोडा, नसेल तर पप्पांना एक डॅशकॅम घेऊन द्या.

न्यूट्रलचं मात्र आजच्या आज बंद करायला सांगा. गियर काढला की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. खोपोलीकडे उतरताना 'ब्रेक फेल' म्हणून जे ऐकतो त्यात असे तापलेले ब्रेक पुष्कळदा असतात. आणि असा ट्रक डाव्या लेनमध्ये असला तरी पुढच्याला वाचवत नाही, कारण त्याच्या पुढे त्याच लेनमध्ये दुसरा ट्रक रांगत असतो. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरला चढलो त्याच गियरला उतरायचं. वाचलेलं डिझेल लायनरच्या बिलात जातं हे पप्पांना सांगा, ते पैशाच्या भाषेत लवकर पटेल.