वाचक विचारतात : कार्टूनपटांच्या इतिहासाचे संदर्भग्रंथ

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी कार्टूनपटांच्या इतिहासाचं प्रदर्शन लावतो आहोत. मिकी माउसचा पहिला चित्रपट एका पुस्तकात ‘स्टीमबोट विली’ दिलाय, दुसऱ्यात ‘प्लेन क्रेझी’. फलकावर काय लिहायचं? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही पुस्तकं खरं सांगतात, फक्त मोजणी वेगवेगळ्या ठिकाणापासून करतात. ‘प्लेन क्रेझी’ आधी तयार झाला, तोही मूकपट म्हणून. मे १९२८ मध्ये तो प्रेक्षकांना दाखवून पाहिला, पण वितरक मिळाला नाही. मागाहून केलेला ‘स्टीमबोट विली’ आवाजासह १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागला. मग ‘प्लेन क्रेझी’लाही आवाज जोडला आणि तो १९२९ मध्ये आला. फलकावर ‘आधी तयार झालेला’ आणि ‘आधी प्रदर्शित झालेला’ अशा दोन ओळी लिहा, भांडण मिटेल.

संदर्भग्रंथ उघडला की आधी प्रस्तावना वाचावी. तिथे लेखक सांगतो की सूचीतली तारीख कशाची आहे : चित्रपट पूर्ण झाल्याची, पहिल्या खेळाची, सर्वत्र प्रदर्शित झाल्याची, की कॉपीराइट नोंदणीची. नोंदणीची तारीख फार फसवते. अमेरिकी सरकारने छापलेल्या कॉपीराइट सूची (१९१२ ते १९३९ चा एक खंड, १९४० ते १९४९ चा दुसरा) स्कॅन स्वरूपात फुकट वाचता येतात. नाव आणि स्टुडिओ पडताळायला त्या छान आहेत, पण प्रदर्शनाची तारीख म्हणून त्यातला आकडा उचलू नका.

‘पहिला’ हा शब्द तर प्रत्येक फलकावर दोनदा तपासा. २१ डिसेंबर १९३७ रोजी पहिला खेळ झालेल्या ‘स्नो व्हाइट’ला सर्रास जगातला पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट म्हणतात. पण लोटे रायनिगर यांचा छायाकृतींचा ‘प्रिन्स अख्मेद’ जर्मनीत १९२६ मध्येच आला होता. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्ये ‘एल अपोस्तोल’ केला होता, त्याची प्रत आज उरलेली नाही. म्हणून फलकावर ‘अमेरिकेतला पहिला’ असं लिहा.

प्रश्न : अॅनिमेशन शिकतो. इतिहासाची एक-दोनच पुस्तकं परवडतील. कोणती घेऊ? — एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : कशासाठी हवीत त्यावर ठरेल. अमेरिकी स्टुडिओंची ओळख करून घ्यायची असेल तर लिओनार्ड मॉल्टिन यांचं ‘ऑफ माइस अँड मॅजिक’. स्टुडिओनुसार एकेक प्रकरण आणि शेवटी चित्रपटांच्या याद्या, त्यामुळे हवं ते चटकन सापडतं. मूळ पुस्तक १९८० चं, पण घ्यायची ती १९८७ ची सुधारित आवृत्ती. जुन्या बाजारात १९८० ची प्रत स्वस्त पडते आणि लोक फसतात. कामाची पद्धत, कोणत्या दिग्दर्शकाने नेमकं काय बदललं, हे खोलात हवं असेल तर मायकल बॅरियर यांचं ‘हॉलिवूड कार्टून्स’ (१९९९). ते जड आहे आणि लेखकाची मतं ठाम आहेत. पटणार नाहीत तिथे वाद घाला, पण मुलाखतींचा भक्कम आधार असल्यामुळे त्याला टाळून पुढे जाता येत नाही. मिकीच्या आधीचा काळ हवा असेल तर डोनाल्ड क्राफ्टन यांचं ‘बिफोर मिकी’ (१९८२).

अमेरिकेबाहेरचं जग हवं असेल तर जानाल्बेर्तो बेन्दात्सी. त्यांचा एकखंडी ‘कार्टून्स’ इंग्रजीत १९९४ मध्ये आला. पुढे तेच काम वाढवून तीन खंडांचा जागतिक इतिहास निघाला. तीन खंडांची किंमत विद्यार्थ्याने सोसण्यासारखी नाही. एकखंडी जुनी प्रत घ्या आणि खंड ग्रंथालयात बसून चाळा.

दोघा डिस्ने अॅनिमेटरांचं, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांचं, ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ ऑनलाइन मागवताना जपा. १९८१ ला ते ‘डिस्ने अॅनिमेशन : द इल्युजन ऑफ लाइफ’ होतं, नंतरच्या पुनर्मुद्रणात शीर्षकाचे दोन्ही भाग उलटे झाले. भरीस भर म्हणून अॅलन चोलोडेन्को यांनी संपादित केलेला निबंधसंग्रहही याच नावाने १९९१ मध्ये निघाला आहे. थॉमस-जॉन्स्टन यांनी मांडलेले गतीचे बारा नियम शोधायचे आणि हाती तत्त्वज्ञानाचे निबंध यायचे! म्हणून नावावर विसंबू नका, आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक आवृत्तीला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, जुळवून मगच पैसे भरा.

ग्रंथालयात शोधताना एक अडचण हमखास येते. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, काही पुस्तकं ७४१.५८ वर, म्हणजे चित्रकलेच्या फडताळात जातात, तर काही ७९१.४३ वर, चित्रपटांच्या. एकाच विषयाची पुस्तकं दोन टोकांना असतात. दोन्हीकडे पाहा. मराठी तालिकेत ‘कार्टून’ विचारलंत तर व्यंगचित्रांचे संग्रह पुढ्यात येतील, तेव्हा ‘चित्रपट’ आणि ‘अॅनिमेशन’ हेही शब्द सांगा. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरून १८९३ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणार असाल तर मराठी चित्रपटलेखनासाठी जा. इंग्रजी अॅनिमेशन ग्रंथांची आशा धरून जाऊ नका, आधी फोन करा.

प्रश्न : श्रेयनामावली तर चित्रपटातच असते. मग पुस्तकात आणि पडद्यावर नावं वेगळी का? — एक वाचक, खारघर

उत्तर : कारण पडदाही चुकीचं सांगतो. १९४० च्या ‘पुस गेट्स द बूट’वर, म्हणजे टॉम अँड जेरीच्या पहिल्या चित्रपटावर, नाव एकट्या रुडॉल्फ आयसिंग यांचं आहे. काम मात्र टॉम अँड जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांचं. वॉर्नर ब्रदर्सने जुने कार्टूनपट ‘ब्लू रिबन’ म्हणून पुन्हा लावताना अनेकांच्या मूळ शीर्षकपट्ट्या काढून टाकल्या. दिग्दर्शकाचं नाव त्यांबरोबर गेलं. अशा वेळी जेरी बेक आणि विल फ्रीडवाल्ड यांची वॉर्नरच्या कार्टूनपटांची सचित्र सूची (१९८९) लागते.

सूचीत ‘टॉम अँड जेरी’ शोधताना वर्षही पाहा. १९३१ ते १९३३ मध्ये व्हॅन ब्यूरेन स्टुडिओची त्याच नावाची मालिका होती. ती दोन माणसांची, मांजर-उंदराची नव्हे. आणि मांजर-उंदराचे काही भाग डोळ्यांना खटकत असतील तर ते १९६१-६२ चे, जीन डाइच यांनी प्रागमध्ये केलेले तेरा.

प्रश्न : भारतीय अॅनिमेशनवर एक भरवशाचं पुस्तक सांगा. — एक शिक्षिका, ठाणे पूर्व

उत्तर : एकच असं नाही, तुकडे जोडावे लागतात. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा भारतीय चित्रपटकोश (१९९४, सुधारित १९९९) फाळके, प्रभात अशा व्यक्ती-संस्थांसाठी घ्या. त्याचा भर कथापटांवर असल्याने लघुपट त्यातून निसटतात. जॉन लेंट यांनी संपादित केलेलं आशिया-पॅसिफिकच्या अॅनिमेशनवरचं पुस्तक (२००१) आणि बेन्दात्सी यांची भारतावरची पानं जोडीला ठेवा. फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’, प्रभातचा १९३४ चा ‘जंबूकाका’, १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये दिलेलं प्रशिक्षण, हे टप्पे पक्के करून मग पुढे जा. ‘एक अनेक और एकता’ (१९७४) मुलांना दाखवाल तेव्हा दिग्दर्शन विजया मुळे आणि अॅनिमेशन भीमसेन असं सांगा. बरेच जण एकच नाव घेतात. मूळ साहित्यासाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४), आणि मुलांची सहल न्यायची तर मुंबईत पेडर रोडचं भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय.

प्रश्न : खिडकीतून पाऊस आला आणि रंगीत चित्रांचं जाड पुस्तक भिजलं. — एक वाचक, वाशी

उत्तर : अशा पुस्तकांचा कागद आर्ट पेपर असतो, वर पांढऱ्या मातीचा लेप. लेप ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि तशीच वाळली तर विटेसारखा गठ्ठा होतो. मग सोडवताना चित्रच निघून येतं. म्हणून उन्हात ठेवू नका, इस्त्री तर नाहीच. दोन-चार तासांत वेळ काढता येत असेल तर पुस्तक ओलं असतानाच पानांमध्ये टीपकागद घाला, आणि भिजला की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तकाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कागद घातलात तर कणा फाकतो. वेळ नसेल तर पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. पानं तशीच थांबतील आणि सवडीने थोडी थोडी सोडवता येतील.

पुस्तकं दमट होऊ नयेत म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात ठेवून उपयोग नाही, त्या वाशीची हवा कोरडी करत बसतील. पुस्तकाबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा.